सीझर, हजेरी आणि भाच्याचा प्रश्न

परवा रात्री जेवणं आटोपून जरा टेकतोय, तोच भाच्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर स्वारी मूळ मुद्द्यावर आली.

"मामा, जर्मन शेफर्ड घ्यायचं चाललंय. पिल्लू बघून ठेवलंय. तुमच्याकडे होता ना कराडला? तुझं काय मत?"

मी म्हटलं, "दोन दिवस दे. विचार करून सांगतो."

पलीकडे एकदम शांतता. त्याला नवल वाटणं साहजिक आहे. प्रत्येक लग्नकार्यात, पंगत उठल्यावर, पोराटोरांना गोळा करून सीझरच्या गोष्टी सांगणारा मामा तो हाच. असा माणूस "घे की, विचारतोस काय" म्हणेल अशीच कुणाचीही अपेक्षा असणार. त्याने फोन ठेवला आणि मी बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो. हो का म्हणवलं नाही, हे मला स्वतःलाच नीट समजत नव्हतं. लिहायला बसलं की मला जरा उलगडा होतो, म्हणून हा खटाटोप. (ताई, तू हे वाचणार हे ठाऊक आहे. शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर.)

तर आधी सीझर.

१९८३ साली मी अकरा वर्षांचा होतो. आमचं घर कराडच्या अगदी कडेला. मागच्या भिंतीपलीकडे ऊस सुरू व्हायचा. बाबा पाटबंधारे खात्यात, महिन्यातले पंधरा दिवस साइटवर. घरात आई, आजी, ताई, मी आणि धाकटा भाऊ. त्या वर्षी आमच्या वस्तीत दोन महिन्यांत तीन घरफोड्या झाल्या. आईची झोप उडाली. मग बाबांनी एका रविवारी जीपमधून, खोक्यात घालून, एक काळं-तांबूस पिल्लू आणलं. कान अजून उभे राहिले नव्हते. एक उभा, एक पडलेला. बाबा म्हणाले, "अल्सेशियन आहे. चोर पाऊल ठेवणार नाही."

तेव्हा सगळे अल्सेशियनच म्हणायचे. हे नाव कुठून आलं ते मला फार पुढे कळलं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये 'जर्मन' हा शब्द नकोसा झाला होता, म्हणून तिथल्या केनेल क्लबने या कुत्र्याला जर्मनी-फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास प्रांताचं नाव दिलं. अमेरिकेतही १९१७ मध्ये नावातलं 'जर्मन' काढून नुसतं 'शेफर्ड डॉग' केलं होतं, ते १९३१ मध्ये परत जोडलं. इंग्लंडात मूळ नाव अधिकृतपणे परत यायला १९७७ साल उजाडावं लागलं. आपल्याकडे इंग्रज गेले तरी त्यांनी ठेवलेलं नाव राहिलं. आजही सांगली-कोल्हापूरकडचा एखादा वयस्क माणूस 'अल्सेशियन' म्हणाला की मला उगाच बरं वाटतं.

आजीचा मात्र कडाडून विरोध. सोवळ्याओवळ्याचं घर, त्यात कुत्रं! तिने पहिल्याच दिवशी नियम केला. कुत्रं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि ती त्याला हात लावणार नाही. नावही तिला धड घेता यायचं नाही. आम्ही सीझर म्हणायचो, ती 'शिजऱ्या'. त्याला दुधात कुस्करलेली भाकरी मिळायची. बाबा आले की मागच्या अंगणात एका वेगळ्या पातेल्यात अंडी उकडली जायची. आजीला ते माहीत होतं. तिने ते कधीही 'पाहिलं' नाही.

आता खरी गंमत. सीझर दहा वर्षं आमच्या घरी होता. या दहा वर्षांत त्याने पकडलेले चोर : शून्य.

त्याने आयुष्यात एकच माणूस पकडला, तो मी. दहावीची परीक्षा संपली त्या रात्री मित्रांबरोबर शेवटच्या खेळाला गेलो होतो, घरी न सांगता. रात्री साडेबाराला मागच्या भिंतीवरून उडी मारली. सीझरने माझ्या शर्टाची बाही दातांत धरली. चावला नाही, गुरगुरलाही नाही. बाही धरून मला ओढत पुढच्या दारापाशी नेलं, बसवलं, आणि मग बाबा उठेपर्यंत भुंकत राहिला. पुढचं सांगत नाही.

पण या प्रसंगात मला नंतर बरंच काही दिसत गेलं. त्याला मी चोर वाटलो नव्हतो. वासावरून त्याला मी पक्का माहीत होतो. त्याची तक्रार वेगळी होती. घरातला एक जण मोजणीत कमी भरत होता, तो सापडला, आणि आता तो जागेवर पोचवायला हवा होता.

रोज रात्री साडेनऊच्या सुमारास सीझर हजेरी घ्यायचा. आम्ही खरंच 'हजेरी' म्हणायचो. आधी आईच्या खाटेपाशी, मग आम्हा तिघांच्या अंथरुणांपाशी. प्रत्येकाच्या पायाला एकदा नाक लावायचं, पुढे जायचं. शेवटी आजीच्या खोलीच्या दारात उभं राहून आत बघायचं, कारण आत जायची परवानगी नव्हती. सगळे असले की एक मोठा सुस्कारा टाकून तो त्याच दारात आडवा व्हायचा. बाबा साइटवर असले की त्याची मोजणी जुळायची नाही. तीन-तीनदा फाटकापर्यंत जाऊन यायचा. प्रीतिसंगमावर आम्ही फिरायला गेलो आणि आई-आजी समाधीपाशी बसल्या, पोरं पाण्याकडे पळाली, की या बिचाऱ्याचे हाल. दोन घोळक्यांमध्ये नुसत्या येरझारा. जीभ बाहेर, डोळे कावरेबावरे. सगळे एका जागी आले की मग कुठे शांत.

हे तो कुठे शिकला? आम्ही तर 'बस' आणि 'ये' सोडून काही शिकवलं नव्हतं.

याचं उत्तर त्याच्या नावातच आहे. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, आणि तेही विशिष्ट पद्धतीचं. आपल्याकडे धनगराच्या वाड्याबरोबर कुत्री असतात, त्यांचं मुख्य काम लांडग्यापासून राखण. जर्मनीत गरज वेगळी होती. तिथल्या सपाट मुलखात शेतांना कुंपण नसायचं. दोन पिकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात मेंढ्या चरायच्या, आणि त्यांनी पिकात तोंड घालू नये म्हणून कुत्रा दिवसभर पट्ट्याच्या कडेने ये-जा करायचा. थोडक्यात, तो स्वतःच चालतं कुंपण असायचा. सगळ्या कळपावर नजर, कुठली मेंढी कडेला सरकतेय ते आधी ओळखायचं, गरज पडली तरच दात लावायचे, आणि तेसुद्धा इजा न करता. धनी दूर उभा असला तरी त्याच्या इशाऱ्याकडे एक कान. आणि धनी बघत नसला तरी काम चालू.

माझी बाही अशी का धरली गेली, ते आता कळतं.

मॅक्स फॉन स्टेफानिट्झ नावाचा घोडदळातला एक कॅप्टन होता. ३ एप्रिल १८९९ रोजी कार्ल्सरूह इथल्या प्रदर्शनात त्याला असाच एक मेंढपाळी कुत्रा दिसला, हेक्टर लिंक्सराइन नावाचा. त्याने तो तिथल्या तिथे विकत घेतला, त्याचं नाव होरांड फॉन ग्राफराथ असं बदललं, आणि त्याच महिन्यात या जातीची संघटना काढली. त्या संघटनेच्या वंशावळीच्या वहीत पहिली नोंद होरांडची आहे. स्टेफानिट्झचा आग्रह एकच, कुत्रा कामाचा आणि बुद्धिमान हवा. कामाला योग्य असलेला कुत्रा त्याच्या मते सुंदरच. पुढे कारखाने वाढले, मेंढ्यांचे कळप कमी होत गेले. तेव्हा आपल्या कुत्र्यांना काम उरणार नाही हे ओळखून त्याने ती पोलिसांकडे आणि सैन्याकडे न्यायची खटपट केली. आज आपल्याला हा कुत्रा म्हटलं की पोलीस आठवतो, मेंढी आठवत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

आणि मग या कुत्र्याने काय काय केलं! पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, ती याच जातीच्या जिवावर. अमेरिकेतला मॉरिस फ्रँक नावाचा अंध तरुण स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची अशीच एक कुत्री घेऊन आला, आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्कमधला वाहता रस्ता तिच्या भरवशावर वार्ताहरांसमोर ओलांडून दाखवला. पुढच्याच वर्षी 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. अशा कुत्र्यांच्या शिक्षणातली एक गोष्ट मला फार आवडते. धनी 'चल' म्हणाला आणि समोरून गाडी येत असली, तर कुत्र्याने हुकूम मोडायचा. न ऐकणं हाच तिथे शहाणपणा. १९१८ मध्ये लढाईने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधल्या एका गावात एका अमेरिकन सैनिकाला पिल्लू सापडलं, ते पुढे रिन टिन टिन या नावाने हॉलिवूडचा नट झालं आणि घरोघरी हा कुत्रा हवासा झाला. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यावर ढिगाऱ्यात शोध घ्यायला अगदी सुरुवातीला पोचलेला अपोलो हाही जर्मन शेफर्डच.

तर लोक हा कुत्रा का निवडतात, याची यादी करायला डोकं लागत नाही. दिसतो रुबाबदार, लांडग्यासारखा. शिकतो पटकन. स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ च्या पुस्तकात कामाच्या हुशारीनुसार कुत्र्यांच्या जातींचा क्रम लावला, त्यात बॉर्डर कोली आणि पूडलच्या खालोखाल हा तिसरा. फाटकाआत नुसता उभा राहिला तरी येणारा दबकतो. शिवाय पोलिसांचा, मिलिटरीचा म्हणून एक दरारा.

नीट बघा, या यादीत भीती आणि मिरवणं या दोनच गोष्टी फिरून फिरून येतात. एक तर आपल्याला कुणाची तरी भीती वाटते, किंवा कुणाला तरी आपली वाटावी असं वाटतं. आमच्या बाबांनीही भीतीपोटीच आणला होता. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण ज्यांच्या घरी हा कुत्रा राहून गेला, त्यांना विचारा. मी अनेकांना विचारलंय. "काय आठवतं?" एकही जण म्हणत नाही, "चोर घाबरायचे." कुणी सांगतं, मी पोटुशी होते तेव्हा माझ्या पायाशी बसून असायचा. कुणी सांगतं, वडील गेल्यावर महिनाभर त्यांच्या खुर्चीपाशी झोपला. कुणी सांगतं, मी बाथरूमात गेले तरी दाराबाहेर बसायचा. म्हणजे निवडतो आपण एका कारणासाठी, आणि जीव लावतो भलत्याच कारणासाठी. निवडतो राखणदार म्हणून. प्रेम करतो ते मात्र, आपण घरी आलो की नाही हे रोज मोजणारं कुणीतरी घरात आहे म्हणून.

माझं आजचं सगळं म्हणणं या फटीबद्दल आहे.

कारण ही फट दिसते तितकी निरुपद्रवी नाही. जो कुत्रा आपल्या माणसांना इतका चिकटतो, तो त्यांच्या मनातली भीतीही उचलतो. धनी घाबरट असेल, पाहुण्यांवर कुत्रा सोडायची धमकी देण्यात त्याला मजा वाटत असेल, तर कुत्रा तेच शिकतो. याच जातीचे कुत्रे नाझींच्या छळछावण्यांत पहाऱ्याला होते. हिटलरची लाडकी ब्लाँडी याच जातीची, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये विषाची कुपी काम करते की नाही हे त्याने तिच्यावरच करून पाहिलं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये नागरी हक्क मागणाऱ्या काळ्या लोकांवर पोलिसांनी कुत्रे सोडले, ते फोटो आजही बघवत नाहीत. त्यातले कुत्रेही हेच. अंध माणसाला रस्ता पार करून देणारा आणि मोर्चावर धावून जाणारा, दोघांचं रक्त एकच. दोघेही आपापल्या धन्याचं मन लावून ऐकत होते. यात कुत्र्याचा दोष किती आणि धन्याचा किती, हे तुम्हीच ठरवा. मी तर ठरवून टाकलंय.

एवढं टोक आपल्या फ्लॅटमध्ये येत नाही, मान्य. आपल्याकडे दुसरं काहीतरी होतं. ज्या कुत्र्याच्या पिढ्यान्‌पिढ्या दिवसभर शेताच्या कडेने चालल्या, तो चार बाय दहाच्या बाल्कनीत सकाळी नऊ ते रात्री आठ बसतो. त्याला ना कळप, ना काम, ना मोजणी. मग तो सोफा फाडतो, स्वतःची शेपटी चावतो, जिन्यातल्या प्रत्येक पावलावर भुंकतो. सोसायटीची तक्रार येते. मग "कुत्रा बिघडला". मग व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो फिरतो : 'दोन वर्षांचा, सर्व लसी झालेल्या, चांगलं घर हवं'. असे फोटो मला महिन्यातून एखादा तरी येतो. त्यातल्या डोळ्यांत मी पाहू शकत नाही. हा कुत्रा मोजणीत चुकलेला नाही. त्याच्या घरच्यांनीच त्याला मोजणीतून काढलाय.

आता जे सांगणार आहे ते लग्नातल्या गोष्टींमध्ये मी कधी सांगत नाही.

१९९० मध्ये मी शिकायला पुण्याला आलो. बाबा दर आठवड्याला अंतर्देशीय पत्र टाकायचे. शेवटची ओळ नेहमी सीझरची. 'सीझर बरा आहे. रात्री तुझ्या कॉटपाशी थांबतो.' मी गेल्यावर त्याची मोजणी कायमची चुकली होती, आणि तरीही तो रोज मोजत होता. पहिलं वर्ष मी दर महिन्याला घरी गेलो. मग नाटकाचा ग्रुप, मग ट्रेक, मग परीक्षा. १९९२ च्या दिवाळीनंतर पत्रातली ओळ जरा बदलली. 'सीझर मागच्या पायांनी जरा लचकतो.' मग, 'जिना चढत नाही.' मी वाचायचो आणि घडी घालून ठेवून द्यायचो. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून.

या जातीत हे फार आढळतं. खुब्याचा सांधा सैल, खोबणीत नीट न बसलेला. त्याला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. दुसरा एक आजार मज्जारज्जूचा, साधारण आठ वर्षांनंतर येणारा. त्यात दुखत नाही, पण मागचे पाय हळूहळू निकामी होत जातात. आज खुब्याचा एक्स-रे काढता येतो, दुसऱ्या आजारासाठी आईबापांची जनुकीय तपासणी करता येते, आणि जबाबदार पैदास करणारे हे केल्याशिवाय पिल्लं काढत नाहीत. प्रदर्शनातल्या काही कुत्र्यांची पाठ मागे इतकी उतरती केली गेली की चालताना ते बसल्यासारखे दिसतात. स्टेफानिट्झने ते बघितलं असतं तर काय म्हणाला असता, कोण जाणे. १९८३ मध्ये खोक्यातून पिल्लू आणणाऱ्या आमच्या बाबांना यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. आज पिल्लू घेणाऱ्याला मात्र 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय नाही.

सीझरला नेमकं काय झालं होतं, ते कधी समजलं नाही. १९९३ च्या मे महिन्यात परीक्षा संपवून मी घरी गेलो, तेव्हा तो फाटकापर्यंत आला नाही. अंगणात पडल्या पडल्या त्याने शेपटी आपटली. मागचे पाय जमिनीवर तसेच. आणि मग मी जे पाहिलं ते आजही तसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. संध्याकाळी त्याला बाहेर न्यायची वेळ झाली. आई आली, आणि तिच्या मागे आजी. आजीच्या हातात तिचं जुनं नऊवारी लुगडं, चार पदरी घडी घातलेलं. तिने ते सीझरच्या पोटाखालून सरकवलं, एक टोक आईने धरलं, एक आजीने. दोघींनी त्याचा मागचा भाग उचलला, आणि तो पुढच्या दोन पायांनी चालायला लागला. आजी तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होती. "चल रे शिजऱ्या, हळूहळू चल," असं म्हणत ती वाकून चालत होती. मार्चपासून रोज तीन वेळा हे चालू होतं. पत्रात कुणी लिहिलं नव्हतं, कारण माझी परीक्षा होती.

मी आजीच्या हातातलं टोक घ्यायला पुढे झालो. ती म्हणाली, "राहू दे. तुला सवय नाही. त्याला हिसका बसेल."

ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या रात्री त्याला आत आणून ठेवलं. आजीच्या खोलीत. उंबऱ्याच्या आत. साडेनऊ वाजता त्याने मान उचलून एकेकाकडे पाहिलं. बाबा होते, आई, आजी. ताई बाळंतपणाला माहेरी आलेली. भाऊ होता, मी होतो. तीन वर्षांत पहिल्यांदाच सगळे. त्याने तो मोठा सुस्कारा टाकला. पुढच्या बारा दिवसांत तो गेला. उसाच्या बांधावर, भिंतीला लागून त्याला पुरलं. आजीने लुगडं परत घेतलं नाही. त्याच्याबरोबरच दिलं.

असो.

तर बाळा, (बत्तीस वर्षांचा झालास तरी तू बाळाच. ताई तेव्हा बाळंतपणाला आली होती म्हटलं ना, ते तुझंच. सीझरने मोजलेला शेवटचा नवा माणूस तू. तुझ्या पायालाही त्याने नाक लावलं होतं.) तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देतो.

कुत्रा उत्तम आहे. त्याच्याइतका जीव लावणारा प्राणी मी पाहिलेला नाही. राखण, हुंगणं, हुशारी यांत तोच एकटा आहे असं मात्र समजू नकोस. १९९३ च्या मुंबई स्फोटांनंतर नाव काढणारा पोलिसांचा झंजीर लॅब्राडोर होता, आणि आपल्या सैन्यात आता बेल्जियन मॅलिनॉइस बरेच दिसतात. २०२२ मध्ये काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना गोळ्या लागून गेलेला झूम त्याच जातीचा. म्हणजे दरारा हवा म्हणून घ्यायचा असेल तर ते कारण सोडून दे. चोरासाठी चांगलं कुलूप आणि कॅमेरा पुरतो, त्यांना फिरायला न्यावं लागत नाही.

तुझ्या घरचं मला माहीत आहे. दोन खोल्या आणि हॉल, सातवा मजला. तू आणि सूनबाई दोघंही सकाळी साडेआठला बाहेर, परत यायला आठ. छोटी पाळणाघरात. घरी कोण? कुणी नाही. जागा लहान आहे याचं मला फारसं वाटत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन तास पाय मोकळे करायला मिळाले, डोक्याला काही काम मिळालं, तर हा कुत्रा लहान घरातही नीट राहतो. पुण्याच्या उन्हाळ्यात दुहेरी केसांच्या या प्राण्याला सकाळी ऊन चढायच्या आत न्यावं लागेल. गोचिडांचा ताप येऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालावं लागेल. वर्षातून दोनदा केस झडतील तेव्हा आमटीतसुद्धा सापडतील. हे सगळं जमतं. पण रिकाम्या घराची दहा-अकरा तास मोजणी त्याला करायला लावू नकोस. त्याला ते जमत नाही. ज्याचं कामच माणसं मोजण्याचं, त्याच्यासमोर रोज शून्य ठेवायचं, हे मला क्रूर वाटतं.

म्हणून माझं उत्तर : आत्ता नको.

'कधीच नको' म्हणत नाही. तुमच्यापैकी एकाचं काम घरून व्हायला लागेल, किंवा ताई-भाऊजी तुमच्याकडे राहायला येतील, तेव्हा मला फोन कर. आपण दोघं जाऊ. पिल्लाचे आईबाप डोळ्यांनी पाहू, त्यांना चालताना पाहू, खुब्याचे कागद मागू. किंवा, आणि हे मला जास्त आवडेल, कुणीतरी मोजणीतून काढलेला एखादा चार-पाच वर्षांचा बघू. लोक म्हणतात मोठा कुत्रा रुळत नाही. रुळतो. त्याला कळप हवा असतो, तो तोच शोधत असतो.

आणि घेशील तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की कर. नऊ-दहा वर्षांनी, कदाचित बाराव्या, ते लुगडं धरायची वेळ येईल. तेव्हा तू पत्र वाचून घडी घालणारा होऊ नकोस. ते काम तुझ्या मामाने करून झालंय.

बरंच लिहिलं. ताई, आता फोन कर, ओरडलीस तरी चालेल. बाकी मंडळी, तुमच्याकडेही असा कुणी हजेरी घेणारा होऊन गेला असेल तर जरूर सांगा. साडेनऊ वाजत आलेत. या वेळेला मी अजूनही एकदा उठून घरातले सगळे दिवे, सगळी दारं आणि सगळी माणसं बघून येतो. बायको हसते. मी कुणाकडून शिकलो, ते तिला सांगून झालंय.